दुसऱ्या शनिवारचा माणूस

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
गोळीबार चौकातून सायकलनं यायचे धकाते.
कॅरियरला पत्र्याची पेटी, पेटीत तीन दगड,
होमिओपॅथीच्या धुतलेल्या बाटलीत तेल,
आणि धार पुसायला एक फडकं,
वडिलांच्या मागावरून उतरलेलं शेवटचं कापड.

माग विकला त्या वर्षी
मेडिकलच्या थिएटरमधल्या कुणा सिस्टरनं
बोथट कात्र्यांचं गाठोडं दिलं होतं म्हणे हातात.
तेव्हापासून हेच.

ओला कापूस हवेत धरून
कात्री टोकापर्यंत न्यायचे.
कापूस ओढला गेला तर परत दगडावर.
आर्टरी फोर्सेप्स मिटून ट्यूबलाइटसमोर:
"जिथून उजेड येते, तिथून रगत येते, मॅडम."
नीडल होल्डरची परीक्षा स्वतःच्या मनगटावर.
केस पकडायचा, खेचायचा,
चेहरा वाकडा झाला की होल्डर पास.
क्युरेट डाव्या अंगठ्याच्या नखावर,
म्हणून ते नख कायम तासलेलं,
खडूसारखं.

वरच्या दाढेचे चिमटे दोन, एक डावा, एक उजवा.
चोच गालाकडे, चोच गालाकडे
असं घोकूनही मी परीक्षेत चुकीचा उचलला होता.
धकात्यांना कुणी शिकवलं नव्हतं.
"गालाकडून दोन मुया असतात न जी,
मंग चोच त्याईच्या मधातच जाईन."
पण स्वतःच्या तोंडात
तीस वर्षांत कुणा डॉक्टरला डोकावू दिलं नाही.

एप्रिलमध्ये ते आले नाहीत.
मी हत्यारं कुरिअरनं कंपनीकडे पाठवली.
आठव्या दिवशी परत आली, चकचकीत,
प्रत्येकाच्या टोकावर निळं टोपण, सोबत छापील बिल.
मे महिन्याच्या शनिवारी धकाते आले तेव्हा
मी म्हटलं, सध्या काही नाही.
खोटं नव्हतं.
पण त्यांच्याकडे बघूनही म्हटलं नाही.

मग नवतपा. मंगळवार, दुपारचे तीन.
पेटी नाही. जबड्याभोवती गमछा,
गाल सुजून डोळ्यापर्यंत.
एक्स-रे काढला. वरची उजवी सहावी.
हिला ठेवण्यात अर्थ नव्हता.

सुई भरायच्या आधी त्यांनी हात पुढे केला.
ट्रेमधला लक्सेटर घेतला,
नखावर टेकवला.
कूलर खडखडत होता.

"हे धार माही नोहे."

एवढंच. रागानं नाही,
दुसऱ्याची चप्पल पायात आल्यावर बोलावं तसं.
मग शर्टाच्या खिशातून छोटा दगड काढला,
खुर्चीत उठून बसले,
माझा दिवा स्वतःच वळवून घेतला
आणि सुजलेल्या तोंडानं, एका डोळ्यानं,
घासत राहिले.

पुन्हा ऑटोक्लेव्ह. पस्तीस मिनिटं.
दोघंही त्या डब्याच्या काट्याकडे बघत बसलो,
लग्नघरात नाराज पाहुणे बसतात तसे.

मग भूल, मग लक्सेटर.
हाड आणि मूळ यांच्या फटीत तो शिरला
ताण्यातून धोटा जावा तसा, न अडखळता.
माझ्या मनगटाला कळलं
मी आठ आठवडे काय वापरत होते.
उजवा चिमटा. चोच गालाकडे.
बाहेर ढकल, आत, पुन्हा बाहेर,
आणि ती आली.

त्यांनी ती तळहातावर मागितली.
तिन्ही मुळं टोकापर्यंत मोजली,
गिऱ्हाइकाकडून कात्र्या मोजून घ्याव्यात तशी.
दातांत बोळा, बोलता येत नव्हतं.
खिशातून वही काढून लिहिलं:
लक्सेटर १. धार. ३० रु.
पान फाडून माझ्या हातात दिलं.
मी दिले. त्यांनी घेतले.
दाढेचं विचारलं नाही, मी सांगितलंही नाही.

जाताना, मला न विचारता,
ट्रेमधली बाकीची सगळी हत्यारं
गमछ्यात बांधून घेतली.
निळी टोपणं तेवढी
काढून ठेवून गेले.